जूनबेरीचं विधेयक

९ जानेवारी, मंगळवार

विधानसभेत शपथ झाली. उजवा हात वर करून उभं राहायचं, बस्स. नव्या बुटांनी टाचा सोलल्या, त्यामुळे शपथेपेक्षा टाचाच जास्त लक्षात राहिल्या. नवरा, ऑरिन, गॅलरीत बसला होता, कोट घालून. लग्नातला नव्हे, वडिलांच्या दफनाच्या वेळी घेतलेला. लग्नातला आता त्याला होत नाही.

सभागृहात माझी जागा मागच्या बाजूला. शेजारी लेलंड व्हॉस. पश्चिमेकडचा, गुरांच्या मुलखातला, इथे मुरलेला माणूस. हात मिळवताना म्हणाला, "टोव्हर म्हणजे तेच ना, जिथे गाडी वळवायला जागा नव्हती म्हणून लोक राहिले?"

मी म्हटलं, "मला गाडी वळवता येते. जन्मभर शाळेची बस चालवली आहे."

"मग तुझं इथे कठीण आहे, बाई. इथे वळलेलं कुणाला चालत नाही."

विनोद करायची सवय दिसते. मला काही माणूस आवडला नाही.

सोमवार ते शुक्रवार इथे राजधानीत भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवार-रविवार घरी. खोलीत चूल एकच आणि तीही मनात आलं तर पेटते.

१८ जानेवारी, गुरुवार

आज माझं पहिलं विधेयक नोंदवायला दिलं. जूनबेरी, आमच्या रानातली निळीजांभळी बेरी, हे राज्याचं अधिकृत फळ व्हावं. एवढंच. लिहून देणाऱ्या बाईंनी विचारलं, "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही, एवढंच." कान तापले माझे. माझ्यापुढे रांगेत पाण्याचं विधेयक होतं, मागे तुरुंगाचं. मध्ये मी, हातात बेरी घेऊन.

पण व्हर्ना डिट्झला शब्द दिला होता. ऐंशी ओलांडलेली बाई. निवडणुकीत माझ्यासाठी सगळ्या टोव्हरला फोन करत बसायची. बदल्यात एकच मागणं. "पोरी, या राज्याला पक्षी आहे, फूल आहे, झाड आहे, मासा आहे, दगडसुद्धा आहे! फळ तेवढं नाही. माझी आई इथे आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात घरात वाळवलेल्या जूनबेऱ्या आणि पीठ, याखेरीज काही नव्हतं. दगडाला मान आणि बेरीला नाही?"

म्हणून आज त्या रांगेत उभी राहिले. 

३० जानेवारी, मंगळवार

आज रॉईस केटलहटनं बोलावून घेतलं. बहुमतवाल्यांचा नेता! त्याच्या दालनात जायला जुने सदस्य आठवडा आठवडा ताटकळतात म्हणे. मला वाटलं काहीतरी चुकलं. पण बसवून घेतलं, कॉफी स्वतः ओतली.

म्हणाला, "मार्लिस, तुझं बेरीचं विधेयक मला आवडलं. पण फार बारीक आहे ते. असं एकटं सोडलंस तर कुणी तरी गंमत म्हणून पाडेल. त्यात मुलांचं काहीतरी घाल."

"मुलांचं म्हणजे?"

"शाळांमध्ये या बेरीबद्दल शिकवावं, असं एक कलम. मिनेसोटात राज्याचा अधिकृत मफिन कुणी आणला? शाळेच्या पोरांनी. इलिनॉयमध्ये मक्याच्या लाह्या? पोरांनीच. पोरं आली की नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. आणि शीर्षकही जरा भारदस्त करू."

ते त्यानंच सांगितलं, मी लिहून घेतलं: राज्याचा वारसा आणि राज्यातील शाळा यांच्यासंबंधी विधेयक. वाचताना मलाच भारी वाटलं. एवढा मोठा माणूस, पण नवख्या बाईसाठी वेळ काढला.

जागेवर येऊन लेलंडला दाखवलं. त्यानं चष्मा वर केला, वाचलं, परत वाचलं.

"डबा मोठा झाला की गं. आत बेरीची पाई तेवढीच, आणि डबा हा एवढा."

मी म्हटलं, "रॉईसनं सुचवलं."

"ते दिसतंच आहे," म्हणाला आणि पेपर उघडून बसला. त्याच्या भागात लोकांना रानटी आलुबुखार प्रिय. पोटात दुखत असणार.

६ फेब्रुवारी, मंगळवार

समितीपुढे सुनावणी. ऑरिननं जूनबेरीच्या पाई भाजल्या! मागच्या उन्हाळ्यातल्या गोठवलेल्या बेऱ्या काढून, रविवारी दिवसभर. मी घरी होते तरी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. या माणसानं आजवर अंड्यापलीकडे काही केलेलं नाही. कडा जरा करपल्या होत्या, पण आत चांगल्या होत्या. त्यानं विचारलं, "वाटेत हलणार नाहीत ना?" मी म्हटलं, "पोरं हलू दिली नाहीत, पाई काय हलतील?" तरी त्यानं भोवती टॉवेल खोचले.

व्हर्ना साक्षीला आली होती. हिरवा झगा, ब्रोच, मायक्रोफोन नको म्हणाली आणि नको होताच.

लेलंड समितीत आहे हे मला माहीत नव्हतं. त्यानं सुरुवात केली: "मिसेस डिट्झ, आपला राज्याचा पक्षी मेडोलार्क. तोच पक्षी आणखी पाच राज्यांनी उष्टा केलेला. उद्या ही बेरीही शेजारच्या राज्यानं घेतली तर?"

व्हर्ना म्हणाली, "त्यांनी घ्यावी. आम्ही आधी घेतली असं सांगता येईल."

सगळे हसले. मग लेलंड म्हणाला, मान-चिन्हं वरून बसवलेली टिकत नाहीत. विस्कॉन्सिनवाल्यांना 'बॅजर' का म्हणतात, तर शिशाच्या खाणीतली माणसं हिवाळ्यात डोंगरात बिळं करून राहायची, लोक हिणवायचे. हिणवलेलं नाव त्यांनी उचललं आणि छातीवर लावलं. "नावं अशी येतात. विधेयकातून येतं ते वेगळंच काहीतरी असतं," असं म्हणून त्यानं रॉईसकडे पाहिलं.

हो, रॉईस स्वतः येऊन मागे उभा होता. एका बेरीसाठी!

एकमतानं मंजूर. लेलंडनंही हो म्हटलं. दोन तुकडे खाऊन.

१० फेब्रुवारी, शनिवार

टोव्हरमध्ये आज कॅफेत शिरले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात माझा पाईसह फोटो आलाय, डोळे मिटलेले. धान्यगोदामाच्या भिंतीवर फलक लावायचं ठरतंय: जूनबेरीची राजधानी. मंजूर होऊ दे आधी, म्हटलं. व्हर्ना म्हणाली, "रंग वाळायला वेळ लागतो, पोरी."

दुसरी आनंदाची बातमी. शाळा एकत्र करायचं रॉईसचं विधेयक समितीतच मेलं. वरच्या वर्गांत ठरावीक संख्येपेक्षा कमी मुलं असतील त्या शाळा बंद करायच्या, पोरं जवळच्या मोठ्या गावी पाठवायची, असं ते होतं. आमची टोव्हरची शाळा त्यात गेली असती, नदीपलीकडच्या केसलची गेली असती, असल्या कितीतरी. शाळा गेली की गावात दोन वर्षांत किराण्याचं दुकान राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या बसच्या मार्गावरच तसली दोन गावं होती. आता नवीन विधेयक आणायची मुदतही संपली. या वर्षापुरता प्रश्न मिटला.

ऑरिनला सांगितलं. तो गाडीखाली झोपून तेल बदलत होता. खालूनच म्हणाला, "केटलहट इतक्या सहज गप्प बसला?"

म्हटलं, "लोकांनी पत्रं पाठवली ना."

"अं," म्हणाला. त्याला राजकारणातलं फारसं कळत नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

माझं विधेयक सभागृहापुढे अजून आलेलं नाही. रॉईसला कॉरिडॉरमध्ये विचारलं. "तुझं शेवटी ठेवलंय, मार्लिस. अधिवेशनाचा शेवट गोड करू." किती विचार करतो.

लेलंडचा मात्र आज संताप आला. माझ्याकडे वाकून म्हणतो, "तुझ्या विधेयकाचं शीर्षक परत एकदा वाचलंस का?"

"मला वाचता येतं, लेलंड."

"येतं ना? मग वाच. आणि गोड वस्तू इतके दिवस उघड्यावर ठेवू नये, मुंग्या लागतात. मागे घे आणि पुढच्या वर्षी छोट्या डब्यात घालून आण."

बस चालवायची बाई म्हणून हे असं बोलायचं. जागा बदलून मिळते का ते विचारणार आहे.

६ मार्च, मंगळवार

कसं लिहू?

सकाळी टेबलावर कागद होता. माझ्या विधेयकावर दुरुस्ती, मांडणारा रॉईस केटलहट. पहिलं वाक्य: शीर्षकाखालील सर्व मजकूर वगळावा व त्याऐवजी पुढील मजकूर घालावा. आणि पुढे शाळा बंद करायचं ते अख्खं विधेयक. तेच. समितीत मेलेलं. बेरीचं नावही नाही कुठे. विधेयकाचा क्रमांक माझा, मांडणारी मी. राज्याचा वारसा आणि राज्यातील शाळा.

मी लेलंडकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "मी त्याच्याच पक्षातला आहे, मार्लिस. जेवढं बोलता येत होतं तेवढं बोललो."

पहिल्यांदा नावानं हाक मारली.

रॉईसकडे गेले. यावेळीही कॉफी त्यानंच ओतली. चिडलेला नव्हता, ओशाळलेलाही नव्हता. म्हणाला, "बस, आणि ओरडण्याआधी ऐक. टोव्हरमध्ये भौतिकशास्त्र कोण शिकवतं?"

मला माहीत होतं. फुटबॉलचा प्रशिक्षक शिकवतो. तोच वाहन चालवायलाही शिकवतो.

"या पोरांना आपण फसवतोय. मी दुष्ट नाही. नवं विधेयक आणायची मुदत गेली होती, मला जिवंत गाडी हवी होती, तुझी रिकामी होती. आता तुझं ऐकतो. टोव्हरची शाळा वगळायची एक ओळ मी घालतो. अशी घालतो की ती फक्त टोव्हरलाच लागू पडेल. बेरी दुसऱ्या एका विधेयकात चिकटवतो, याच आठवड्यात. तू भाषण करू नकोस, विरोध करू नकोस. एवढंच."

"आणि केसल?"

"केसल तुझ्या मतदारसंघात नाही."

ते खरं आहे. नदी ही हद्द आहे. केसलच्या एकाही माणसानं मला मत दिलेलं नाही, आणि फुटबॉलच्या सामन्याला आमच्या बसवर त्यांनी अंडी फेकलेली मीच धुतलीत.

मी हो म्हणाले.

लिहून ठेवते, नंतर शब्द फिरवायला नकोत: मी विचार करायला वेळ मागितला नाही. तिथल्या तिथे हो म्हणाले. आणि बाहेर आल्यावर हलकं वाटलं. टोव्हर वाचलं आणि व्हर्नाची बेरीही. नव्या माणसानं यापेक्षा काय मिळवायचं?

ऑरिनला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाला, "जेवलीस का?" दमला असावा, गोठ्यात गाई व्यायचे दिवस आहेत.

१० मार्च, शनिवार

काल घरी पोहोचू शकले नाही. लिहिते सविस्तर.

निघाले तेव्हा आभाळ साफ होतं. अर्ध्या वाटेत वारा फिरला आणि बर्फ आडवं यायला लागलं. बसच्या सवयीनं मी हळू पण न थांबता चालवत होते. केसलपाशी पोहोचले तर महामार्गाचं फाटक खाली ओढून बंद केलेलं. शेरीफचा माणूस काचेवर ठोकून म्हणाला, "पुढे काही दिसत नाही, बाई. शाळेत जा, सगळ्यांना तिथेच पाठवतोय."

केसलची शाळा. दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

जिममध्ये कुस्तीच्या गाद्या अंथरलेल्या. माल नेणारे ट्रकवाले, लग्नाला निघालेलं एक कुटुंब, दोन नन. गावातल्या बायका बर्फ तुडवत गोधड्या घेऊन येत होत्या. स्वयंपाकघरात अ‍ॅप्रन बांधून उभा होता तो शाळेचा मुख्याध्यापक, ग्लेन सोबोट्का. दांडगा माणूस, हातात मोठा डाव. चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल, शाळेत शुक्रवारी असतं तेच, फक्त जास्त.

माझ्या ताटात वाढताना थबकला. "तू ती बेरीवाली ना? पेपरात डोळे मिटलेली?"

मी हो म्हटलं. त्यानं डाव वाजवून सगळ्यांना सांगितलं. बायका हात मिळवायला आल्या. एक म्हातारी म्हणाली, "टोव्हरची असलीस तरी चालेल." लोक हसले. मीही हसले.

मग ग्लेन मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला, काहीतरी दाखवायचंय म्हणून. भिंतभर चित्रं. निळ्याजांभळ्या बेऱ्या, बेऱ्या खाणारं अस्वल, बेरीला हातपाय. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, त्यांनी काढलेली. वर कागदी अक्षरं: आपली बेरी. "तुझ्या विधेयकात शाळेत शिकवायचं कलम आहे ना? आमच्या बाईंनी वाट पाहिली नाही. आपल्या भागाचं काहीतरी राज्यात जातंय म्हणाल्या."

आपल्या भागाचं. त्यांच्या आणि आमच्या.

"यंदा बरं गेलं," ग्लेन म्हणाला. "ते शाळांचं भूत समितीतच गाडलं म्हणे. मी इथे सगळ्यांना सांगितलं, आपलं कुणी नसलं तरी तिथे कुणीतरी आपल्यासाठी भांडलं असणार. तू होतीस का त्यात?"

मी म्हटलं, "नाही."

"असं सगळे चांगले लोक म्हणतात," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर थापटून स्वयंपाकघरात गेला.

मी त्याला काही सांगितलं नाही. सांगता आलं असतं. चित्रांसमोर उभी होते, कुणी नव्हतं. नाही सांगितलं. एका बाईनं मला तिच्या आईची गोधडी दिली आणि मी ती पांघरून झोपले, आणि झोपही चांगली लागली.

सकाळी रस्ता साफ झाल्यावर घरी आले. ऑरिन अंगणात फावडं घेऊन उभा. मी सांगितलं कुठे होते. तो म्हणाला, "चांगली माणसं असतात तिकडे." एवढंच, आणि परत बर्फ काढायला लागला. मला उगाच वाटलं की तो माझ्यावर रागावलाय. पण तो रागावला तर बोलतो.

१२ मार्च, सोमवार

रॉईसला सांगितलं, माझं हो मी परत घेतलं.

तो म्हणाला, "शब्द दिला होतास."

"दिला होता."

"मग इथे तुझ्या शब्दाची किंमत काय राहील, कळतंय ना?"

कळतंय. त्याचं चुकीचं नाही. शब्द मोडला हे खरंच आहे, आणि त्याला मी कोणतंही चांगलं नाव देऊ शकत नाही.

"टोव्हरची ओळ काढतो मी," तो म्हणाला.

"काढा."

 कॉफी यावेळी मिळाली नाही.

१३ मार्च, मंगळवार

झालं.

मांडणारी म्हणून पहिलं बोलायचा हक्क माझा. मी काही लिहून नेलं नव्हतं. उठले आणि म्हणाले:

"या विधेयकावर नाव माझं आहे. मी एक फळ आणलं होतं, ते यात आता नाही. आत काय आहे ते तुम्ही वाचलंय. मला मागच्या आठवड्यात सांगण्यात आलं की मी गप्प बसले तर माझ्या गावची शाळा यातून वगळू. मी हो म्हणाले होते. शुक्रवारी वादळात नदीपलीकडच्या शाळेत मला जागा मिळाली, जी शाळा माझ्या गप्प बसण्यानं बंद होणार होती. त्यांनी मला जेवू घातलं. माझं गाव वगळून चांगलं होणारं विधेयक चांगलं कसं? छोट्या शाळांचं काय करायचं ते त्या गावांना ठरवू द्या. माझं स्वतःचं विधेयक पाडा, एवढीच विनंती."

खूप वाईट बोलले.  रॉईस नंतर उठला आणि शांतपणे म्हणाला की नव्या सदस्या भावनेच्या भरात आहेत, आणि भौतिकशास्त्राचं तेच सांगितलं. तो चांगला बोलला. खरं तर माझ्यापेक्षा पटण्यासारखं.

मग फळ्यावरचे दिवे. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. माझ्या नावापुढे लाल लागला, माझ्याच विधेयकावर. कुणीतरी हसलं. मग बराच वेळ नुसते हिरवे. मला वाटलं, शाळा गेल्या. शेजारी लेलंड बटणावर बोट ठेवून बसला होता, तसाच.

"माझ्याकडेही असली गावं आहेत," तो कुणाला उद्देशून नाही असं म्हणाला. "नकाशावर एकमेकांपासून बरीच लांब असतात." आणि लाल दाबलं. त्याच्यापाठोपाठ पश्चिमेकडचे आणखी काही. ते त्याच्याकडेच बघत थांबले होते हे मला तेव्हा कळलं.

अगदी थोडक्यात पडलं.

मी त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "मानू नकोस. उद्यापासून मला रॉईस पार्किंगसुद्धा देणार नाही. आणि ती पाई कुणी केली होती गं?"

"नवऱ्यानं."

"कडा करपल्या होत्या."

१५ मार्च, गुरुवार

शिक्षण समितीतून मला काढलं. वाहतूक समितीतूनही, जिथे मला खरंच काही कळत होतं. आता माझ्याकडे फक्त दफनभूमी व स्मारकं. बेरी कुठल्याही विधेयकात चिकटवलेली नाही, हे वेगळं सांगायला नको.

२४ मार्च, शनिवार

टोव्हरला चर्चच्या तळघरात सभा घेतली. लोकांनी पेपरात वाचलंच होतं, पण मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हो म्हणाले तेही.

 मग धान्यगोदामवाला वेंडेल क्रूस उठला. माणूस शांत, कधी बोलत नाही.

"म्हणजे आपली शाळा कायमची सुटत होती?"

"हो."

"आणि तू ती सोडलीस. केसलसाठी."

"हो. म्हणजे, फक्त केसलसाठी नाही..."

"माझी तीन नातवंडं आहेत त्या शाळेत. तुला आम्ही निवडून दिलं, मार्लिस. केसलनं नाही. पुढच्या वर्षी तो माणूस तेच विधेयक परत आणेल, तेव्हा आपल्याला कोण वगळणार?"

 तो बोलला ते सगळं बरोबर होतं. मी तसंच म्हटलं. तो टोपी घालून निघून गेला आणि बरेच लोक त्याच्यामागून.

व्हर्ना शेवटपर्यंत बसली होती. मला वाटलं ती तरी. ती काठीवर उठून म्हणाली, "बेरी तरी आधी वेगळी काढून घ्यायचीस. साधं काम होतं." आणि माझ्याकडे न बघता जिना चढली.

ऑरिननं खुर्च्या दुमडल्या. सगळ्या. मग गाडीत म्हणाला, "मला तुझ्याशी त्या फोनवर बोलता आलं नाही, मार्लिस. काय बोलणार होतो ते माहीत होतं, आणि ते तुला नको होतं."

"मग बोलायचं होतंस."

"तू पोहोचलीस ना तिथे आपली आपण," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

म्हणजे तो रागावला होता. इतक्या वर्षांत मला त्याचा हा राग ठाऊकच नव्हता.

२१ एप्रिल, शनिवार

ग्लेन सोबोट्का आज आमच्या दारात. तो व्हर्नाकडे आणि वेंडेलकडेही जाऊन आला होता. दोघं टोव्हरच्या शाळा मंडळावर आहेत. म्हणाला, "पुढच्या वर्षी परत येणारच आहे ते. त्याआधी आपणच बसलो तर? तुमच्याकडे गणिताची चांगली बाई आहे, आमच्याकडे भौतिकशास्त्राचा खरा मास्तर. आपण दोघं मिळून संख्या भरते."

"वेंडेल काय म्हणाला?"

"दार लावलं. मग उघडलं आणि विचारलं, कधी."

१४ मे, सोमवार

आज दोन्ही मंडळांची बैठक झाली, केसलच्या शाळेत.

दुपारी व्हर्नाचा फोन. सभेनंतरचा पहिला. "मला अंधारात गाडी चालवता येत नाही. नेशील तर ने. बोलायचं काही नाही." नेलं. ऑरिनही निघाला. पुलापर्यंत ती खरंच बोलली नाही. पुलावर म्हणाली, "हळू चालव." मी ताशी तीसनं चालवत होते.

मला तिथे मत नव्हतं, मी नुसती भिंतीला टेकून बसले होते. इतक्या वर्षांची भांडणं, म्हणून सगळ्यांना वाटत होतं पहाट होईल. पण लहान मुलं टोव्हरला, मोठी केसलला, हे लगेच ठरलं. बसचे मार्ग ठरले, ते मात्र मला विचारून. गणिताची बाई दोन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. जेवण केसलचं, त्यावर वाददेखील झाला नाही. वेंडेलनं दालचिनीचा रोल खाल्ला आणि मान हलवली.

मग ग्लेननं विचारलं, "संघाचं नाव काय?"

आणि तिथे गाडी अडली. आम्ही 'थ्रेशर्स', मळणीवाले; ते 'रिव्हर रॅट्स', नदीचे उंदीर. आमच्या आजोबांनी मळणीयंत्रावर हात गमावलेत म्हणून आमचं. त्यांच्या गावात पूर आला तेव्हा ते उंदरांसारखे छपरांवर चढून राहिले, टोव्हरच्याच लोकांनी हे नाव ठेवलं, आणि आता ते सोडायला सांगणारे टोव्हरचे कोण? वेंडेल उभा राहिला. ग्लेन उभा राहिला. शाळा देऊन बसलेली माणसं, नावासाठी टेबलावर मुठी आपटत होती. गरुड, लांडगे, वादळ, सगळं सुचवून झालं. कुणीतरी माझ्याकडे बघत 'बेरी' म्हणालं, तेव्हा व्हर्नानं काठी आपटली. "अजिबात नाही! फुटबॉलच्या पोरांना लोक चिरडतील."

सगळे इतके हसले की थोडा वेळ काहीच करता आलं नाही. मीही. व्हर्ना मात्र हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूची खुर्ची काठीनं पुढे सरकवली. मी जाऊन बसले.

नाव ठरलं नाही. पुढच्या वर्षी मुलांनाच मत देऊ द्यायचं, ते हिवाळ्यात. तोवर शर्टावर फक्त आकडे.

परतताना ऑरिन मागच्या सीटवर होता. तो म्हणाला, कोरे शर्ट पाहून दुसऱ्या गावची पोरं काहीतरी नाव ठेवतीलच. व्हर्ना म्हणाली, ठेवू देत.